नऊ नंबरचा मार्क

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात रेणू खानझोडेला ओळखत नाही असं मराठी घर सापडायचं नाही. पण त्या शनिवारी तिने नेमकं काय केलं, हे ठाऊक असलेलं घर एकच आहे. ते घर तिच्याशी बोलत नाही, आणि रेणूला त्याचं काडीचंही दुःख नाही.

बाई तशी साधी. माहेर नागपूरचं. यतीनशी लग्न करून मिशिगनला आली, तेव्हा यतीन गाड्यांच्या सीटचं डिझाइन करणाऱ्या कंपनीत होता आणि रेणूच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. पहिली काही वर्षं तिने घर, बर्फ आणि ऋषी एवढंच सांभाळलं. ग्रीन कार्ड आल्यावर तिला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं काम मिळालं. कानाला हेडफोन लावायचा आणि डॉक्टर बोलेल ते टाइप करायचं. डॉक्टर डावा गुडघा म्हणाला तर डावाच लिहायचा, आपलं डोकं चालवायचं नाही. या कामात रेणूचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता ते काम मशीन करतं आणि मशीनने केलेल्या चुका रेणू काढते. ऐकलेलं इमानाने उतरवायचं, हा तिचा धर्म. त्या धर्मानेच तिचा घात केला.

कारण पुढे तिच्या आयुष्यात अहिल्याताई आल्या. मुळात पुण्याच्या, त्यात बारा वर्षं मेलबर्नला काढलेली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मेलबर्नकडचे गाड्यांचे कारखाने बंद पडले तेव्हा तिथले इंजिनिअर मिळेल तिकडे पांगले. बरेचसे इकडे डेट्रॉइटच्या आसपास येऊन टेकले आणि येताना आपला ऑस्ट्रेलियातला खेळ घेऊन आले. त्याला ते लोक नुसतं ‘फूटी’ म्हणतात. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. पायाने मारायचा, मुठीने ठोसायचा, आणि मैदानात कोण कोणाच्या अंगावर पडलंय याची फारशी चौकशी करायची नाही. दोन सॉकरची मैदानं जोडून, कडेने शंकू मांडून आणि प्लॅस्टिकच्या पाइपांचे चार-चार खांब रोवून ग्रॅहम नावाच्या एका मेलबर्नच्या माणसाने ‘ट्रॉय हेरॉन्स’ हा क्लब सुरू केला. अहिल्याताईंचा विक्रम त्यात गेला, त्याच्या मागोमाग रेणूचा ऋषी गेला, आणि पोरांच्या मागून दोन्ही आया मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसू लागल्या.

नुसतं बसणं अहिल्याताईंच्या रक्तात नव्हतं. मेलबर्नला विक्रमच्या शाळेच्या संघाचे आकडे त्याच ठेवायच्या. कोणी किती किक मारल्या, किती मार्क घेतले, कोणाच्या हातून चेंडू निसटला, सगळं. मार्क म्हणजे किक मारलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत स्वच्छ झेलणं. या खेळात त्यापरतं वैभव नाही. तर हे आकडे ठेवायला दोन माणसं लागतात. एकाने मैदानाकडे बघून बोलायचं, दुसऱ्याने ऐकून लिहायचं. बोलणाऱ्याची नजर चेंडूवरून हलता कामा नये आणि लिहिणाऱ्याची कागदावरून.

“तू लिही,” अहिल्याताई म्हणाल्या. “तुझी सवय आहे.”

पहिल्याच मॅचला मैदानावर मोठा आरडाओरडा झाला आणि रेणूने मान वर केली. आईच ती, पोरगं पडलं की काय म्हणून बघणारच. अहिल्याताईंनी तिच्या मांडीवरच्या पॅडवर टिचकी मारली.

“रेणू, मान खाली! तू वर बघितलंस की तीन किक निघून जातात. लिहिणारीने बघायचं नसतं. बघायला मी आहे ना!”

बघायला त्या होत्या. रेणूने मान खाली घातली आणि तशीच ठेवली. अहिल्याताई मराठीतून नंबर पुकारायच्या. विक्रम बत्तीस, ऋषी नऊ. “नऊ, किक. चौदा, मार्क. बत्तीस, टॅकल.” रेणू लिहायची. मध्यंतराला थर्मासमधला चहा व्हायचा, डब्यातले पोहे व्हायचे, आणि घरी जाताना ऋषी गाडीत विचारायचा, “आई, डिड यू सी दॅट?” रेणू म्हणायची, “अरे मी लिहिलं ना!” तिला वाटायचं, लिहिलं म्हणजे पाहिलंच.

पाच वर्षांपूर्वी अमेरिकेचा संघ मेलबर्नला स्पर्धेसाठी जायचा होता. हेरॉन्समधून एकालाच संधी होती. निवड करणारे लांबच्या राज्यात बसलेले. क्लबकडे कॅमेरा तेव्हाही नव्हता, आजही नाही. निवड करणारे आकडे मागवायचे आणि आकड्यांवर ठरवायचे. हेरॉन्सचे आकडे रेणूने स्वतः स्कॅन करून पाठवले. विक्रमची निवड झाली. ऋषी थोडक्यात राहिला असं कळवण्यात आलं.

आणि रेणूने काय करावं? मैत्रिणीचा मुलगा म्हणजे आपलाच मुलगा म्हणून विक्रमला घरी बोलावलं, श्रीखंड-पुरीचं जेवण केलं, पाटावर बसवलं आणि त्याला ओवाळलं. अहिल्याताईंचे डोळे भरून आले होते. ऋषी दाराशी उभा राहून आईकडे बघत होता. त्याचं ते बघणं रेणूला तेव्हा कळलं नाही. तो हिवाळा संपायच्या आत ऋषीने खेळ सोडला, सिअॅटलला नोकरी धरली आणि फूटीचा विषय काढला की फोनवर म्हणायचा, “आई, लेट्स टॉक अबाउट समथिंग एल्स.” त्याची नऊ नंबरची जर्सी मापाने लहान. ती दुसऱ्या कोणाच्या अंगात जाईना, म्हणून क्लबच्या पिशवीतच पडून राहिली.

यंदा क्लबला दहा वर्षं झाली. ग्रॅहमने टूम काढली की जुन्या मॅचच्या आठवणी लोकांकडून मागवायच्या आणि छापायच्या. दहा वर्षं झाली की स्मरणिका काढायची हा रोग फक्त मराठी मंडळांनाच असतो असं नाही. प्रत्येक आठवणीशेजारी त्या मॅचचे आकडे द्यायचे होते, आणि जुने सगळे कागद रेणूच्या तळघरात. काम आपसूकच तिच्याकडे आलं.

ओहायोच्या संघाबरोबरच्या एका मॅचबद्दल तिघांकडून काही ना काही आलं होतं. मॅच निवडीच्या वर्षातलीच. एका म्हाताऱ्या बाईने कळवलं होतं की शेवटच्या डावात तुमचा तो किडकिडीत नऊ नंबर आमच्या पोराच्या खांद्यावर गुडघा देऊन असा चढला की माझी कॉफी नवऱ्याच्या पँटवर सांडली. तो अजून त्यावरून बोलतो. ज्याच्या खांद्यावर गुडघा दिला गेला होता त्या खेळाडूने लिहिलं होतं, “थंडीत तो खांदा अजून दुखतो, पण माझी तक्रार नाही.” तिसऱ्या माणसाने लिहिलं काहीच नव्हतं, फोनवर घेतलेली क्लिप पाठवली होती.

रेणूने त्या मॅचचा कागद काढला. शेवटच्या डावात तिच्याच गोलगरगरीत अक्षरात होतं: बत्तीस, मार्क.

तिने क्लिप लावली. चेंडू उंच गेला, आणि घोळक्यातून एक पोरगं वर आलं. ऋषीच. एक गुडघा कोणाच्या तरी खांद्यावर, दोन्ही हात आभाळात, आणि चेंडू त्या हातांत येऊन बसला. लोकांचा एकच कल्ला झाला. त्या कल्ल्यात, फोनच्या अगदी जवळून, अहिल्याताईंचा खणखणीत आवाज आला: “बत्तीस, मार्क.”

क्लिपच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या दिसत होत्या. एका बाईचं तोंड मैदानाकडे होतं. दुसरीची मान खाली. मुलगा आभाळात आणि आई कागदात.

रेणूला आधी रडू आलं नाही, तिने क्लिप पुन्हा लावली. मग ती शोधतच सुटली. त्या वर्षीच्या जेवढ्या क्लिप लोकांकडे होत्या तेवढ्या तिने मागवून घेतल्या. एखादी चूक असती तर माणूस आहे, चुकतो, म्हणून तिने गिळली असती. पण चूक एकीकडेच कशी झुकेल? ऋषीच्या किक विक्रमच्या, ऋषीचे मार्क विक्रमचे, आणि विक्रमच्या हातून निसटलेला चेंडू मात्र बिनचूक नऊ नंबरचा. शेजारी खुर्ची टाकून, चहा पाजून बाईने केसाने गळा कापला होता. आणि तोही रेणूच्याच हाताने.

तिने सिअॅटलला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“आय नो, आई,” ऋषी म्हणाला. “मी ते शीट्स तेव्हाच बघितले होते.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“मला वाटलं, तुला माहीत आहे. इट वॉज युअर हँडरायटिंग, आई.” मग तो हळूच म्हणाला, “आणि तू विक्रमला ओवाळलंस. आय थॉट, ओके, तिने डिसाइड केलंय.”

फोन ठेवल्यावर मात्र ती रडली, आणि रडून झाल्यावर शांत झाली. निवड गेली, ते एक वेळ सोसलं असतं. पण पाच वर्षं तिच्या पोटच्या पोराने मनात धरलं होतं की आईनेच आपल्याला खोडलं, आणि धरूनही तो दर रविवारी तिला फोन करत होता, तिच्या गुडघ्याची चौकशी करत होता. हे कोणाकडून भरून घ्यायचं? भांडण करावं, तर अहिल्याताई दोन अश्रू काढतील, “अगं, गडबडीत झालं असेल” म्हणतील, आणि गाव म्हणेल, जाऊ दे रेणू, खेळ तर आहे. तिला माफी नकोच होती. अहिल्याताईंनी त्या खुर्चीत मान खाली घालून बसावं आणि आपल्या पोराचं मरण आपल्या हाताने लिहावं, एवढंच तिला हवं होतं. तिने मनाशी खूणगाठ बांधली आणि कोणापाशी अवाक्षर काढलं नाही. उलट पुढच्या मॅचला पोह्यांवर नेहमीपेक्षा जास्त खोबरं घालून नेलं.

संधी सप्टेंबरात आली. अमेरिकेचा संघ पुन्हा मेलबर्नला निघाला होता आणि विक्रमला पुन्हा जायचं होतं. आता तो थोडा जड झाला होता, गुडघ्यावर पट्टा बांधून खेळायचा. त्याच्या जागेवर दुसऱ्या एका क्लबच्या पोराचा डोळा होता. निवड करणाऱ्यांनी कळवलं होतं की मोसमातल्या शेवटच्या मॅचचे आकडे बघू आणि ठरवू. अहिल्याताई आठवडाभर देवापुढून हलल्या नव्हत्या.

शनिवारी सकाळी रेणूने कपाटातून यतीनचा मानेचा जुना पट्टा काढला आणि गळ्याला बांधला.

“तुझी मान कधीपासून दुखायला लागली?” यतीनने विचारलं.

“दहा वर्षांपासून,” रेणू म्हणाली.

मैदानावर तिने ग्रॅहमला सांगितलं की मान खाली घालायला डॉक्टरांची बंदी आहे. आज मी बघून बोलते, अहिल्याताई लिहितील. ग्रॅहमला काय, आकडे मिळाल्याशी मतलब. अहिल्याताईंचा चेहरा उतरला. “अगं पण तुला कुठे जमणार? इतक्या वर्षांत तू खेळ बघितलाच कुठे आहेस?”

“तेच ना ताई,” रेणू म्हणाली. “आज तरी बघू दे.”

हल्ली कागद गेले होते. टॅबलेटवर नंबर दाबायचा, काय घडलं ते दाबायचं, की आकडे बघत बसलेल्या प्रत्येकाच्या फोनवर टिंग वाजून ते उमटायचं. मागच्या खुर्चीत यतीन बसला होता, आणि त्याला फोनवर आलेलं मोठ्याने वाचायची खोड. त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. पण त्याच्यामुळे रेणू म्हणेल ते सोडून भलतं दाबायची सोय अहिल्याताईंना उरली नाही.

विक्रम सरावातून धावत आला आणि वाकून रेणूच्या पाया पडला. “रेणू मावशी, विश मी लक!” चांगला मुलगा. त्याला यातलं किती माहीत होतं, देव जाणे. रेणूच्या मनात आलं, पोराचा काय दोष? मग तिला सिअॅटलचा तो फोन आठवला. ऋषीचा तरी काय दोष होता? तिने विक्रमच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुर्चीत ताठ बसली.

मॅच सुरू झाली. रेणू एक शब्द खोटं बोलली नाही. हे तिने आधीच ठरवलं होतं, कारण खऱ्यासारखं झोंबणारं दुसरं काही नसतं, आणि विक्रमचा दिवसच वाईट होता.

“बत्तीस, चेंडू सुटला.”

टिंग. “बत्तीस, ड्रॉप,” यतीनने वाचलं.

“बत्तीस, किक, चुकीची. बत्तीस, फाउल. एकवीस, मार्क. बत्तीस, मागे पडला.”

“मागे पडला हे कुठे लिहायचं असतं?” अहिल्याताई पुटपुटल्या.

“मग ते सोडा. बत्तीस, चेंडू सुटला.”

पहिल्या डावात अहिल्याताईंनी निमूट लिहिलं. दुसऱ्या डावात त्या चोरून वर बघू लागल्या. रेणू खोटं बोलतेय असं त्यांना वाटत होतं, चोराच्या मनात चांदणं. आणि दर खेपेला वर बघावं तर विक्रम खरंच रिकाम्या हाताने उभा. मध्यंतराला थर्मास कोणी उघडला नाही. तिसऱ्या डावात त्यांनी न राहवून विचारलं.

“रेणू, तो चेंडू त्याच्या हाताला लागला तरी होता का?”

“लागला आणि सुटला. ताई, मान खाली. तुम्ही वर बघितलंत की तीन किक निघून जातात.”

आपलंच वाक्य कानावर आलं तशा अहिल्याताई थबकल्या. त्यांनी वळून रेणूकडे बघितलं. रेणू मैदानावरून नजर काढेना.

“तुला कळलंय,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

“बत्तीस, चुकीचा पास.”

“रेणू, अगं, मी तेव्हा... आई होते गं मी.”

“आणि मी कोण होते, ताई?” रेणूचा आवाज चढला नाही. “लिहा. बत्तीस, चुकीचा पास.”

टिंग वाजलं. अहिल्याताईंच्या गालावरून पाणी ओघळून टॅबलेटवर पडत होतं, आणि त्या ते पदराने पुसून पुढचं लिहीत होत्या. यतीनला वाटलं, मुलगा वाईट खेळतोय म्हणून रडतायत, त्याने मागून धीर दिला, “होईल ताई, अजून एक डाव आहे!” रेणूला गार वाटलं. वाईट वाटेल अशी तिला भीती होती, पण नाही वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं कोणीतरी छातीवरून उतरवत होतं.

शेवटच्या डावाची शेवटची मिनिटं. हेरॉन्स थोडक्याने मागे होते. कुठूनतरी चेंडू उंच आला, खांबांसमोर घोळका जमला, आणि त्या घोळक्यातून, जड झालेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला विक्रम वर आला. कसा आला कोण जाणे. एक गुडघा कोणाच्या खांद्यावर, दोन्ही हात आभाळात. चेंडू त्या हातांत येऊन बसला आणि सगळं मैदान ओरडत उभं राहिलं.

अहिल्याताईंनी ते पाहिलं. मान वर, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की कोणालाही हेवा वाटावा. विक्रमचं मेलबर्न त्या एका मार्कवर होतं.

आणि रेणूनेही पाहिलं. असं असतं तर हे. डोळ्यांदेखत हे असं दिसतं. तिच्या मुलाने हेच केलं होतं, इथेच, हाकेच्या अंतरावर, आणि तिला ते परक्या माणसाच्या फोनवर बघावं लागलं. दिवसभर खरं बोललेली जीभ तिच्या तोंडात क्षणभर थांबली.

“नऊ,” ती स्वच्छ आवाजात म्हणाली. “मार्क.”

अहिल्याताईंना आधी समजलंच नाही. “नऊ? आज नऊ नंबर कोणी घातलेलाच नाहीये.”

“नऊ, मार्क. लिहा.”

“रेणू, तो विक्रम होता. मी आत्ता पाहिलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!”

रेणूने गळ्याचा पट्टा काढला, मांडीवर ठेवला आणि मॅच सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

“लिहिणारीने बघायचं नसतं, ताई.”

अहिल्याताईंनी ग्रॅहमच्या दिशेने बघितलं, पण त्याला हाक मारली असती तर पाच वर्षांपूर्वीचं सगळं बाहेर आलं असतं. मग त्यांनी मान खाली घातली आणि दाबलं. टिंग वाजलं.

“नऊ, मार्क,” यतीनने वाचलं, आणि तो गोंधळून उभा राहिला. “नऊ? अगं, हा तर ऋषी!”

विक्रमचं त्या वर्षी मेलबर्न झालं नाही. त्या मॅचच्या नोंदीत नऊ नंबरच्या नावावर एक मार्क अजून तसाच आहे, जरी त्याचा धनी त्या दिवशी सिअॅटलला होता. तो दुरुस्त करा असं सांगायला कोणी आलं नाही. येणार तरी कोण? मार्क सगळ्यांनी पाहिला होता, पण नोंद उघडून बघतं कोण? ज्या बाईला ती खोटी आहे हे ठाऊक होतं, तिनेच तो स्वतःच्या बोटाने लिहिला होता.